शेऱ्याचा रकाना

जैतापूरच्या जेटीवरून वर आलं की
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान:
झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा, लॅमिनेशन.
जुलेखाबी होडेकर आली आश्विनात, ऊन कलल्यावर,
बटव्यातून घडीचा कागद काढला.
उर्दू मला येत नाही. तिनंच वाचला.
हुसेन. आगवाला. बोट गेली कनडाला.
"माजा आजा. बघ गो, तुज्या मशीनमंदी हाय काय."

नाव टाकलं. शून्य.
गाव टाकलं. शून्य.
मग उमजलं, त्या बंदरातल्या कारकुनानं
कानाला आलं तसं लिहिलं असणार:
जायतापोर, जेटापूर, एकदा नुसतंच जेट.
होडेकर तर कुणीच नाही.
बापाचं नाव आडनाव होऊन बसलेलं.

पुढचं सगळं शोधाच्या चौकटीबाहेर.
सेंट जॉन बंदराच्या खलाशांच्या वह्या,
कुणीतरी पान पान उजेडात धरून फोटो काढलेले,
पण सूची लावायची राहून गेलेली.
चारशे बारा चित्रं. एकेक उघडायचं.
आणि आमच्याकडचं नेट खाडीच्या पाण्यासारखं,
उधाणाला चढतं, भांगाला चिखलात रुततं.
दिवसा फॉर्मवाल्यांची रांग,
म्हणून मी रात्री बसायचे, शटर अर्धं ओढून,
सुक्या बांगड्याच्या वासात
बर्फाळ गावांची नावं वाचत.
काही पानांत शाई आरपार उतरलेली,
मागच्या पानावरची माणसं
पुढच्या पानावर उलटी उभी.

दोनशे सत्त्याऐंशी.
हुसेन, वय चोवीस, फायरमन, जेटापूर.
सहीच्या जागी फुली.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात,
एकच शब्द: पळाला.

दोन दिवस मी तिला फोन केला नाही.
घरात तेच बोललं जायचं ना इतकी वर्षं,
तिकडं गोरीण केली म्हणून.
तिच्या आजीनं काचेच्या बांगड्या
ना फोडल्या, ना नव्या भरल्या.

तिसऱ्या रात्री, असंच, त्या शहराचं नाव
बोटीच्या नावाला जोडून टाकलं,
तर भलत्याच संस्थेच्या कपाटातून
एक इस्पितळाची वही वर आली,
जोगिणींनी चालवलेलं इस्पितळ, बारीक अक्षर.
हुसेन, लास्कर, तीच बोट.
हिमदंश, डावा पाय. दाखल: एकोणीस जानेवारी, १९१२.
बोट सुटली होती बावीसला.

शंभर वर्षं एकमेकींना न भेटलेल्या दोन वह्या
मी शेजारी शेजारी उघडून ठेवल्या
आणि उगाच उठून पाणी प्यायले.

सोडल्याची तारीख कोरी.
पुढचं पान फोटोत काळंकुट्ट.

जुलेखाबीला सगळं सांगितलं, जे नाही तेही.
की त्या बोटीवर हुसेन तीन होते,
की नक्की म्हणता येत नाही.
ती कागदावर बोट टेकवून बसली.
"तीन असूदेत. पाय तर एकाचाच गेला ना?
पलाला नाय तो. कोण का असंना, पलाला नाय."

मग म्हणाली, हा शब्द खोड.
म्हटलं, त्यांची वही आहे, मला हात लावता येत नाही.
"तुजा कागद तर तुजाच हाय?"
पेन दिलं, तिनं घेतलं नाही.
ती बोलली, मी शेऱ्याशेजारी लिहिलं:
थंडी लय होती. जोडे नव्हते.

दोन प्रिंटचे दहा रुपये.
सवयीनं विचारलं, लॅमिनेशन करू?
नको म्हणाली, कागद घडी न करता छातीशी धरून.
"बंद केलंस तर लिवशील कुठं?
अजून पान येल."